नावानिशी कोरलेली भूक

नोव्हेंबर १९४३. बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण वही आणि शाई घेऊन गावोगाव फिरत होता, बराचसा पायीच. वर्षभरापूर्वी, १६ ऑक्टोबर १९४२ ला, याच जिल्ह्याला चक्रीवादळाने आणि समुद्राच्या लाटेने धुऊन काढले होते. त्यातून जे वाचले ते आता भुकेने मरत होते. समोर दिसेल ते तो काढत होता आणि कोण, कुठला, काय करायचा हे विचारून लिहून ठेवत होता. त्या फिरस्तीतून ‘हंग्री बेंगॉल’ नावाचे एक छोटे इंग्रजी पुस्तक झाले. ब्रिटिश सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त केल्या आणि जाळून टाकल्या. चित्रकाराच्या घरच्यांनी एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये जपली म्हणून ती उरली. तिच्यावरून दिल्लीच्या एका कलादालनाने २०११ मध्ये पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापले.

या चित्रकाराचे नाव चित्तप्रसाद. आडनाव भट्टाचार्य. पण त्यावरून जात कळते म्हणून त्यांनी ते टाकून दिले आणि आयुष्यभर नुसत्या नावाने सही केली. जन्म २१ जून १९१५ चा, नैहाटीचा. वाढले आणि शिकले ते चितगावात. मराठी वाचकाने त्यांची ओळख करून घ्यावी याला आणखी एक कारण आहे. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षे ते मुंबईत अंधेरीला राहिले, आणि त्यांची बहुतेक गाजलेली छापचित्रे त्या अंधेरीच्या खोलीतच कोरली गेली. आपल्याकडे चित्रकारांच्या आठवणींना तोटा नाही, तरी त्यांत चित्तप्रसादांचे नाव फारसे येत नाही. मला याची खंत वाटते. विशेषतः आपण यवतमाळकरांनी त्यांच्याकडे नीट पाहायला हवे असे माझे ठाम मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

आधी छापचित्र म्हणजे काय ते पाहू. लाकडाची सपाट फळी घ्यायची, तिच्यावर चित्र उलटे उतरवायचे आणि कागदावर जे पांढरे राहायला हवे तेवढे पटाशीने, कोरणीने खोदून काढायचे. उरलेल्या उंच भागावर शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचे. एका ठशातून शेकडो चित्रे निघतात आणि त्यातले प्रत्येक अस्सल असते, कारण ज्याची नक्कल करावी असे मूळ चित्र वेगळे नसतेच.

ही कला जपानने टोकाला नेली. होकुसाई या चित्रकाराची ‘महालाट’ हे चित्र १८३१ च्या सुमाराचे. आज ते जगातल्या नामांकित संग्रहालयांत काचेआड असते, पण त्या काळी एदो, म्हणजे आजच्या टोकियो, शहरातला साधा माणूस ते दोन घास खाण्याच्या पैशात विकत घेऊ शकत होता. तिथे काम वाटलेले असे. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन करी, कोरणारा रानचेरीच्या लाकडात ते कोरी आणि छापणारा एकेका रंगासाठी वेगळा ठसा लावून चित्र उठवी. चेरीचे लाकूड घट्ट आणि बारीक पोताचे असल्याने केसाएवढी रेघही त्यात तुटत नाही. आपल्या जंगलातला सागवान फर्निचरला नंबर एक, पण त्याचा रेशा आडमुठा आणि पोत उघडा. अशा बारीक कोरीव कामाला तो सरावत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्येच या वाटणीविरुद्ध एक पाऊल पडले. यामामोतो कानाए या तरुणाने १९०४ मध्ये ‘मच्छीमार’ हे छोटे चित्र स्वतः रेखाटले, स्वतः कोरले आणि स्वतःच छापले. तो लाकडावर कोरण्याचा धंदा शिकलेला होता, म्हणजे जुन्या व्यवस्थेत त्याची जागा हुकूम पाळणाऱ्या कारागिराची. त्याने ठरवले की हात कारागिराचा असला तरी चित्र आपले असेल. पुढे फ्रान्सहून रशियामार्गे परतताना त्याने तिथली मुलांची चित्रे आणि शेतकऱ्यांच्या हातच्या वस्तू पाहिल्या. १९१९ मध्ये नागानो भागात त्याने मुलांना मनाने चित्र काढू देण्याची आणि शेतकऱ्यांनी हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत कलावस्तू घडवण्याची चळवळ उभी केली. होकुसाई जगभर पोचला, यामामोतो तितका पोचला नाही. आपल्या उपयोगाचा मात्र यामामोतो अधिक आहे.

ही गोष्ट जपानहून चीनमध्ये कशी गेली ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. थोर चिनी लेखक लू शुन शांघायला राहत. उचियामा नावाचा एक जपानी पुस्तकविक्रेता त्यांचा जिवलग मित्र होता. ऑगस्ट १९३१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवणारा, सुटीत शांघायला आला. लू शुन यांनी तेरा तरुण जमवले आणि सहा दिवस त्या जपानी मास्तराकडून त्यांना ठसे कोरायला शिकवून घेतले. दुभाषाचे काम स्वतः लू शुन यांनी केले. त्यांचा हिशेब साधा होता. चळवळीतल्या माणसाकडे पैसा नसतो आणि वेळही नसतो. एक फळी, एक पटाशी आणि थोडी शाई एवढ्यावर एकटा माणूस रातोरात चित्र गावभर पोचवू शकतो. पुढे जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्धची सर्वांत धारदार चित्रे याच ठशांतून निघाली. हे चिनी ठसे १९४० च्या दशकात भारतातल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांपर्यंत पोचले. चित्तप्रसादांच्या काळ्यापांढऱ्या ठशांवर त्यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

चित्तप्रसादांची सुरुवात अगदी अशाच गरजेतून झाली. चितगाव ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, चितगाववर बाँब पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून इंग्रज सरकारने किनारपट्टीतल्या होड्या आणि धान्याचे साठे काढून घेतले. होडीवाचून कोळ्याची मासेमारी बसली, शेतमजुराचे येणेजाणे थांबले. भाव चढत गेले, साठेबाजांनी हात धुऊन घेतले आणि मिदनापूरच्या वादळाने उरलेसुरले नेले. त्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख म्हटले. धान्य अजिबात नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ताकद मजुराकडे उरली नव्हती, आणि हीच गोष्ट अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली. सेन तेव्हा बंगालमध्येच, नऊ-दहा वर्षांचे होते.

चित्तप्रसाद कुठल्या कलाशाळेत घडले नव्हते. गावच्या सभांसाठी भित्तिचित्रे काढता काढता हात बसला. दुष्काळात त्यांनी जे केले त्यात मला एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. भुकेल्या माणसाचे चित्र काढणारे तेव्हा पुष्कळ होते आणि त्यांतले काही फार मोठ्या ताकदीचे होते. झैनुल आबेदिन यांची रेखाटने पाहून आजही पोटात कालवते. पण हाडांचा सापळा एकदा चित्रात आला की तो कुणाचाही असू शकतो. बघणारा हळहळतो आणि पान उलटतो. चित्तप्रसादांनी चित्राखाली माणसाचे नाव लिहिले, गाव लिहिले, तो शेतकरी की विणकर की कोळी ते लिहिले, त्याची जमीन कशी गेली, घरातले कोण कुठे गेले तेही लिहिले. त्यामुळे ते चित्र कणव मागत नाही, जाब विचारते. सरकारला आकड्यांची भीती नव्हती. आकडे त्याच्याकडेही होते आणि ते फिरवताही येत होते. नावानिशी असलेली ही वही मात्र जाळावी लागली.

याच काळात चितगावकडचाच एक पोरगेला तरुण त्यांच्यासोबत रस्त्यांवर आणि इस्पितळांत फिरू लागला. चित्तप्रसादांनी त्याला सांगितले ते एवढेच, की समोर बघ आणि काढ. तो तरुण म्हणजे सोमनाथ होर. पुढे ते भारतातले सर्वांत मोठे छापचित्रकार ठरले. १९४६ च्या तेभागा शेतकरी आंदोलनाची त्यांची चित्रमय रोजनिशी प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकातल्या ‘जखमा’ या मालिकेत तर रंगच नाही. कागदाच्या ओल्या लगद्यावर उठलेले पांढऱ्यावर पांढरे व्रण आहेत. तरुणपणी पाहिलेली भूक ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. त्यांच्या पहिल्या गुरूला तसे काहीच मिळाले नाही.

कम्युनिस्ट पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी चित्तप्रसादांना मुंबईला बोलावून घेतले. सँडहर्स्ट रोडवरच्या राजभुवनात पक्षाची कचेरी आणि कार्यकर्त्यांचे कम्यून होते. तिथे छायाचित्रकार सुनील जाना होते, लेखक होते, नाचणारे-गाणारे होते. मे १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही नाट्यसंस्था स्थापन झाली. तिचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसादांनीच केलेले. बंगालच्या भुकेचे पडसाद मराठीतही उमटत होते. अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला तो त्याच दिवसांत. चित्तप्रसादांची कोरणी आणि अण्णा भाऊंचा डफ एकाच शहरात, एकाच चळवळीत, एकाच दुष्काळाबद्दल बोलत होते. मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासातले हे पान आपण अजून नीट उघडलेले नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावर खलाशांनी बंड केले आणि मुंबईचे कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. चित्तप्रसादांनी त्या उठावाचेही ठसे कोरले. १९४८ मध्ये पक्षाची दिशा बदलली, जोशी बाजूला पडले आणि चित्तप्रसादही हळूहळू पक्षापासून दूर झाले. त्यांनी विचार सोडला नाही आणि राग धरून कुणाविरुद्ध लिहितही बसले नाहीत. अंधेरीच्या रुबी टेरेसमधल्या एका खोलीत ते काम करत राहिले. लग्न केले नाही. नोकरी नाही, कलादालनांशी जमले नाही, हाताशी पैसा कधीच नव्हता.

इथे त्यांच्या साहित्याकडे वळू. लाकूड महाग आणि कोरायला वेळ खाणारे, म्हणून चित्तप्रसादांचे बरेचसे काम लिनोलियमवर आहे. जमिनीवर अंथरायची ही शीट. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात ती बाजारात आणली. जवसाचे तेल हवेत आटवून चिकट घट्ट करायचे, त्यात कॉर्कचा आणि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि ते तागाच्या गोणपाटावर थापायचे. विदर्भातली जवस त्या काळात बोटी भरभरून युरोपला जात होती आणि ताग तर बंगालचाच. या दोन मुलखांतल्या शेतकऱ्यांच्या घामातून निघालेल्या मालाची ती शीट होती. तिच्यावर एका बंगाली माणसाने शेतकरीच कोरला. लिनोला रेशा नसतो, त्यामुळे कोरणी कुठेही वळते. म्हणून लाकडातल्या ठशात कोनेदार ताठरपणा येतो आणि लिनोच्या ठशात सलग, वळणदार काळेपणा. चित्तप्रसादांचे मोठे काळे आकार आणि त्यांत चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा या माध्यमाला शोभून दिसतात. कापलेल्या धानाच्या पेंढ्या, बैलाच्या मानेवरचे जू, बाईच्या लुगड्याचे पदर यांना ते जो लयीचा वळसा देतात तो कलकत्त्याच्या बटतला भागात छापल्या जाणाऱ्या जुन्या लाकूडठशांची आणि बंगालच्या पटचित्रांची आठवण देतो. चीनकडून त्यांनी धार घेतली, हातातले वळण घरचे राहिले.

त्यांच्या साऱ्या कामात मला ‘परीकथेविना देवदूत’ ही मालिका सर्वांत श्रेष्ठ वाटते. १९५१-५२ च्या सुमारास मुंबईत राहून कोरलेल्या या ठशांत कष्ट करणारी मुले आहेत. त्यांच्या वयाला न शोभणारी कामे त्यांच्या हातात आहेत. दुष्काळाच्या चित्रांत संताप होता, इथे तो थोडा खाली बसून खोल गेला आहे. चित्तप्रसाद त्या मुलांना बिचारी करत नाहीत. त्यांचे डोळे मोठे, चेहरे गंभीर आणि हात तरबेज आहेत. डेन्मार्कमधल्या युनिसेफ समितीने १९६९ मध्ये ही मालिका पुस्तकरूपाने काढली. मुंबईतल्या मुलांची ही चित्रे पहिल्यांदा पुस्तकात आली ती कोपनहेगनकडे, आपल्याकडे नाही.

मुलांबद्दलची ही ओढ पुढे वाढतच गेली. चेकोस्लोव्हाकियाचा एक कठपुतळीकार मुंबईत त्यांचा मित्र झाला आणि त्याच्यामुळे त्यांना बाहुल्यांचा नाद लागला. त्यांनी ‘खेलाघर’ नावाची बाहुल्यांची नाटकमंडळी काढली, बाहुल्या स्वतः घडवल्या आणि आसपासच्या मुलांसाठी खेळ केले. रामायणातले प्रसंग आणि बंगाली लोककथाही त्यांनी मुलांसाठी ठशांत आणल्या. चेक रसिकांनी त्यांच्यावर जीव लावला. प्रागच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने त्यांची कामे घेतली आणि पावेल होबल या दिग्दर्शकाने १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘कन्फेशन’ हा लघुपट केला. काही समीक्षकांना त्यांची ही उत्तरकाळातली चित्रे गोड वाटतात. मला तसे वाटत नाही. ज्याने भुकेने मेलेली मुले जवळून पाहिली, त्याने हसणारे मूल इतक्या निष्ठेने कोरावे यात पळवाट कसली? चित्तप्रसाद १३ नोव्हेंबर १९७८ ला कलकत्त्यात वारले. २०१७ मध्ये जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले. लिलावांत आता त्यांच्या ठशांना किंमत येते. ज्याने स्वस्त आणि पुष्कळ निघणारे चित्र म्हणूनच ठसा निवडला, त्याचे ठसे श्रीमंतांच्या संग्रहात अडकावेत हे मला बरे वाटत नाही.

आता यवतमाळबद्दल. आपल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली ठळकपणे नोंद झालेली ती पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि २०१७ पासून राज्यभर अनेकजण दरवर्षी १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत आपला जिल्हा वर्तमानपत्रांत एका आकड्याने ओळखला जाऊ लागला. महिन्याचा आकडा, वर्षाचा आकडा, पात्र किती, अपात्र किती. समित्या आल्या, पॅकेजे आली, कॅमेरे आले. करप्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, त्यांच्या नंतरची नावे नाहीत. ती तहसीलच्या फायलींत आहेत आणि त्या त्या गावातल्या एकेका घरात आहेत. कापूस वेचणाऱ्या हातांचे, कर्जाच्या कागदावर अंगठा लावणाऱ्या माणसाचे, मागे उरून शेत सांभाळणाऱ्या बाईचे चित्र आपल्याकडे बहुधा फोटोत येते, आणि तो फोटोही बाहेरून आलेल्या माणसाने काढलेला असतो. खाली लिहिलेले असते, ‘विदर्भातील एक शेतकरी’.

चित्तप्रसादांनी ऐंशी वर्षांपूर्वी याच ‘एक’ शब्दाला नकार दिला होता. त्यांचे काम आपल्याला उपयोगी आहे ते यासाठी. मिदनापूरच्या माणसांनी दया मागितली नव्हती. आपले काय झाले हे नीट, नावासकट सांगितले जावे एवढाच त्यांचा हक्क होता, आणि तो एका पायी फिरणाऱ्या चित्रकाराने पुरा केला. मरणाचेच चित्र काढायला हवे असेही नाही. जो उभा आहे, पेरतो आहे, भावासाठी भांडतो आहे, त्याच्याही चित्राखाली नाव असावे.

आपल्या शाळांमधल्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत ठसा नसतो, तरी वर्षातून एक-दोन तास त्याला द्या. खरा लिनो न मिळाला तर जाड रबरी पत्रा चालतो, तोही नसेल तर फरशीचा विनाइल तुकडा घ्या. कोरण्यांचा साधा संच, छपाईची काळी शाई आणि एक रोलर एवढे वर्गाला पुरते. प्रेस लागत नाही, चमच्याच्या पाठीने घासले तरी छाप उठतो. कोरणी नेहमी स्वतःपासून दूर ढकलायची आणि दुसरा हात तिच्या मागे ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी पक्के करून घ्या. मुलांना आपल्या गावातला एकेक माणूस काढायला सांगा. आजी, सालदार, पोस्टमन, शेतात राबणारी आई, कुणीही. त्याला विचारून, त्याच्या परवानगीने. खाली नाव आणि गाव ठशातच कोरायला लावा. अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणून आधी पातळ कागदावर सरळ लिहून तो कागद पालथा घालून ठशावर उतरवून घ्यावा.